राहिलेली बुडी

"त्या पाण्यावर जिची श्रद्धा नाही, तिच्या पाठीवर बसून मी पर्वणीचं स्नान करू? त्यापेक्षा घरीच बादलीभर पाणी ओतून घेते!"

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. थोरली सून मात्र शांतपणे शेवटचे टाके घालत राहिली. ती तंबूंच्या कारखान्यात शिवणकाम करायची. तिथलेच तंबूचे जाड पट्टे जोडून तिनं पाठीवर बांधायची बैठक शिवली होती. बायकांच्या घाटावर पुरुषांना मज्जाव, सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले आणि पायऱ्या चाळीस! पुढची पर्वणी बारा वर्षांनी... आणि त्यांना तर आताच ऐंशी उलटलेली.

"पोतं भरून दोनदा चालून पाहिलंय, आई. काही होत नाही."

"मी काय पोतं आहे?"

"छे! पोतं इतकं बोलत नाही."

एरवी अशा वेळी खुदकन हसणारी धाकटी जाऊ आज मान खाली घालून उभी होती.

बारा वर्षांपूर्वीही असंच निघणं होतं. सासरे अंथरुणाला खिळलेले, दोघी सुनांपैकी एकीला मागे राहणं भाग होतं. मान थोरलीचा. लहानपणापासून तिनं त्या स्नानाची स्वप्नं पाहिली होती! पण दोनदा पोटातलं मूल गमावलेली धाकटी नदीपुढे पदर पसरायला आसुसली होती... थोरलीनं तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं, "मला नाही पटत ते गर्दीतलं बुचकळणं! मी नाही येत."

त्या घरची रीत होती, जो येऊ शकला नाही त्याच्या नावानं एक बुडी घ्यायची. सासूबाईंनी नवऱ्याच्या नावानं घेतली, माहेरच्यांच्या नावानं घेतली, अगदी भांडकुदळ शेजारणीच्याही नावानं घेतली. थोरलीच्या नावानं तेवढी घेतली नाही. तेव्हापासून देवापुढचा तांब्याही त्यांनी तिला कधी भरू दिला नाही. थोरलीच्या काळजाला ते फार लागलं होतं... पण धाकटीची लेक "मोठी आई" म्हणत गळ्यात पडायची आणि आपण केलं ते योग्यच केलं, याबद्दल तिला तिळमात्र शंका उरायची नाही.

"आई!" धाकटीनं एकाएकी सासूबाईंचे पाय धरले. "ताई खोटं बोलल्या होत्या हो! मला जाता यावं म्हणून... मला शपथ घातली होती त्यांनी. बारा वर्षं मी गप्प बसले, त्यांना बोल खाताना पाहत राहिले... आज नाही राहवत!"

थोरलीचा हात थांबला. "कशाला बोललीस गं?" एवढंच ती पुटपुटली.

सासूबाईंनी भिंतीकडचं तोंड फिरवलं आणि निघायची खूण केली. घाटावर निमूटपणे बैठकीत बसल्या, सुनेच्या गळ्याभोवती हात टाकले. थोरली एकेक पायरी तोलून उतरली, धाकटी बाजूनं गर्दी हटवत होती. कमरेएवढ्या पाण्यात आल्यावर थोरली म्हणाली, "आई, मी खाली बसते. श्वास रोखा."

"थांब." मानेवर गरम थेंब पडले. "पापं धुवायची म्हणून दर पर्वणीला येत होते गं मी... पण माझं पाप कुठलं, ते आज सकाळी कळलं! पोरी, मला क्षमा कर."

"आई, असं नका बोलू..."

"बोलू दे! आणि ऐक, पहिली बुडी माझी नाही. तुझ्या नावाची. बारा वर्षं राहून गेलीय."

थोरलीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. हसत, रडत ती म्हणाली, "मग घट्ट धरा."

"आता तू ढकललंस तरी सोडत नाही!"

आणि थोरली खाली बसली... दोघी एकदमच पाण्याखाली गेल्या.