टीव्हीला घरची वेळ कुणी सांगितली?

"अजून वर धर! आता डावीकडं! अरे, तुझ्या डावीकडं, सम्मेद, माझ्या नव्हे!"

स्टुलावर उभ्या राहिलेल्या सम्मेदने वायफायचा डबा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला होता. वायर इतकी ताणली होती की आता ती तुटायचीच बाकी होती.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

"नाही म्हटलं ना!" भाग्यश्रीने रिमोट सोफ्यावर आपटला. नव्या टीव्हीच्या पडद्यावर तेच वाक्य होतं, सोमवारपासून तिचा जीव खाणारं: 'वायफाय जोडले आहे. इंटरनेट नाही.' जोडलं आहे म्हणे! मग चालायला काय धाड भरली?

"ताई, हात दुखायला लागले," दहा वर्षांचा सम्मेद कुरकुरला.

"दुखू देत! दीपाअक्का तिकडं उन्हात उड्या मारणार आहे, तिचं काय?"

दीपाअक्का म्हणजे या दोघांची थोरली बहीण. वय सतरा, जागा गोलपोस्टच्या मधोमध! ती गोव्याला गेली होती आणि आज पाच वाजता तिच्या फुटबॉल संघाची फायनल होती. मॅच दिसणार होती फक्त इंटरनेटवर. आणि ती नुसती बघायची नव्हती, अज्जांना, म्हणजे आजोबांना, दाखवायची होती. सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात अक्काची निवड झाली होती. हो की नाही, ते उद्या सकाळी कळवायचं होतं. पप्पांनी हात वर केले, "अज्जा म्हणतील तसं." आणि अज्जा म्हणत होते, "पोरीला दोन वर्षं परगावी ठेवायची? कशाला, तर चेंडू अडवायला? न्हाय जमायचं!" आईने फार मनधरणी केली तेव्हा कुठे म्हातारा एक पायरी खाली उतरला. "बरं. एकदा खेळताना बघतो. मग बोलतो." गाडीत बसताना अक्का भाग्यश्रीच्या कानाशी लागली होती. "भागी, काहीही कर, पण अज्जांना मॅच दाखव. एकदा बघितलं की ते नाही म्हणणार नाहीत."

मोबाइलवर दाखवायची सोय नव्हती. अज्जांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, पट्टी सोमवारी निघाली होती. मोबाइल समोर धरला की ते म्हणायचे, "ही माणसं हायत का मुंग्या?" त्यांच्यासाठीच तर हा भलामोठा टीव्ही आणला होता. आणि अज्जांना नीट दिसायला लागलं त्याच दिवशी तो रुसून बसला. आता काय म्हणावं या नशिबाला!

भाग्यश्री खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारायला लागली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. म्हणजे खरे तीन चाळीस. या घरात वेळ दोन प्रकारची होती, एक घरची आणि एक जगाची. अज्जा, म्हणजे शाहूपुरीतल्या गुळाच्या पेठेत सगळे ज्यांना कल्लाप्पाशेठ म्हणतात ते, सूर्य मावळल्यावर पाण्याशिवाय काही तोंडात घालत नसत. स्वयंपाकाला उशीर होऊन जेवण हुकायला नको म्हणून त्यांनी घरातली सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढं करून ठेवली होती. सवयीने सगळे मनातल्या मनात वीस वजा करायचे आणि तरी उशीर करायचे, हा भाग वेगळा.

"काय, लागलं का नेट?" दारातून आवाज आला आणि पाठोपाठ पृथ्वीराज आला. तेरा वर्षांचा हा गडी वरच्या मजल्यावर राहायचा. वडिलांचा जुना मोबाइल मिळाल्यापासून तो स्वतःला इंजिनिअर समजत होता.

"नाही रे! नेटवाला म्हणतो टीव्हीत बिघाड आहे. टीव्हीवाला म्हणतो नेटमध्ये बिघाड आहे. सोमवारपासून दोघांनी मिळून आमचा चेंडू केलाय!"

पृथ्वीराजचे डोळे चमकले. "मग त्यांचं त्यांनाच भांडू दे की! आईचा मोबाइल आण."

आई गच्चीवर सांडगे घालत होती. तिचा मोबाइल आला. त्यावरून नेटवाल्या बाळासोला फोन लावला, पृथ्वीराजच्या मोबाइलवरून टीव्हीच्या दुकानातल्या कृष्णातला. दोन्हीचे आवाज मोठे केले आणि मोबाइल टीपॉयवर तोंडाला तोंड लावून ठेवले. तिघेही तोंडावर हात दाबून बसले.

"हॅलो, बोला पावणं!"

"बोला. कोण?"

"आरं, तुम्ही फोन लावलाय. तुम्ही कोण?"

"मी कृष्णात, टीव्हीच्या दुकानातनं."

"हां! मी बाळासो, नेटवाला. तुमच्या टीव्हीपायी ती पोरं माझं डोकं खायला लागल्यात! जरा चांगला माल इकत जावा की!"

"टीव्ही कोरा करकरीत हाय! तुमचंच नेट गळकं!"

"गळकं? त्यांच्या मोबाइलवर पळतंय नव्हं तेच नेट?"

सम्मेदला हसू आवरेना, त्याने उशी तोंडात कोंबली. दोघे एकमेकांचा उद्धार करत राहिले. शेवटी कृष्णात ओरडला, "मोबाइलचं नेट टीव्हीला लावून बघा म्हणावं! त्यावर टीव्ही चालला तर बिघाड तुमचा, न्हाय चालला तर माझा!"

"हे बरोबर बोलला!" पृथ्वीराजने लगेच आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला. भाग्यश्रीने टीव्हीवर त्याचं नाव शोधलं, पासवर्ड टाकला. चाक गरगर फिरलं. जोडलं! आणि पाठोपाठ तेच वाक्य, 'इंटरनेट नाही.'

"कृष्णातकाका, नाही चालला," भाग्यश्री म्हणाली.

"बघितलासा?" बाळासो गरजला आणि त्याने फोन ठेवला.

कृष्णात खाकरला. "बरं, परवा टेंपो पाठवतो. टीव्ही घेऊन जातील."

"परवा? काका, मॅच आज आहे! पाचला!"

"मग मी काय करू बाळ?" फोन कट!

अक्काला काय सांगायचं? टीव्ही बिघडला म्हणून तुझं पुणं राहिलं? रडू येऊ नये म्हणून भाग्यश्री टीव्हीकडे एकटक बघत राहिली. आणि बघता बघता तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या बारक्या घड्याळाकडे गेलं.

"पृथ्वी, तुझ्या मोबाइलात किती वाजले?"

"चारला पाच कमी."

"टीव्हीत चार वाजून पंधरा मिनिटं झाल्यात. आणि भिंतीवरही तेवढेच!" ती ताडकन उठली. "टीव्हीला आमच्या घरची वेळ कुणी सांगितली?"

"म्हंजे?"

"अरे, टीव्ही स्वतःची वेळ इंटरनेटवरून घेतो! ती जगाची वेळ असते. ही वीस मिनिटं पुढची वेळ जगात फक्त आमच्या घरात आहे. म्हणजे कुणीतरी हाताने लावलीय!"

"मी नाही!" सम्मेद आधीच ओरडला.

भाग्यश्रीने भराभर सेटिंग उघडलं. वेळ आपोआप घेण्याचं बटण बंद! आणि खाली तारीख होती एक जानेवारी, तीही सात वर्षांपूर्वीची!

"आयला!" पृथ्वीराजने कपाळावर हात मारला. "माझ्या ह्या मोबाइलला असंच झालतं की! बॅटरी पार मेल्यावर तारीख मागं गेली आणि एक ॲप उघडंना. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, इंटरनेटवरच्या प्रत्येक जागेला ओळखपत्र असतंय आणि त्यावर तारीख असती. आपला टीव्ही बसलाय सात वर्षं मागं. त्याला वाटतंय, हे ओळखपत्र तर अजून निघालंच न्हाय, म्हंजे खोटं! मग तो कुणालाच दारात घेत न्हाय."

भाग्यश्रीने श्वास रोखून ते बटण चालू केलं आणि टीव्ही पुन्हा वायफायला जोडला. तरी तारीख हलेना, तेव्हा वर्ष, महिना आणि दिवस तिने स्वतः भरले. मग बटण पुन्हा चालू. पडद्यावर रंगीत चौकोन टपाटप उमटले आणि एक जाहिरात ठणाणा करायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिला जाहिरात आवडली!

"चाललाऽऽऽ!"

तिघे ओरडत गच्चीवर पळाले. आईला सांगितलं, तिच्या हाताला लागलेल्या पिठासकट तिला मिठी मारली, दोन कच्चे सांडगे खाल्ले आणि तिला ओढत खाली आणलं.

टीव्ही काळा ठिक्कर! भिंतीवरचं बटण बंद. चालू केलं, तर घड्याळात बारा, तारीख एक जानेवारी, इंटरनेट नाही!

"मला वाटलंच," आई उसासा टाकून म्हणाली आणि हात धुवायला गेली.

"भूत हाय भूत!" पृथ्वीराज कुजबुजला.

"भूत असेल तर ते घरातलंच आहे," भाग्यश्री दात ओठ खात म्हणाली. साडेचार होऊन गेले होते. "आपण पुन्हा चालू करू आणि लपू. बघूच कोण येतंय!"

टीव्ही पुन्हा चालू झाला. तिघे बाल्कनीच्या पडद्यामागे दाटीवाटीने उभे राहिले. सम्मेदचं कोपर भाग्यश्रीच्या बरगडीत, पृथ्वीराजचा पाय तिच्या पायावर. एक क्षण तासासारखा वाटत होता. आला तर चोर यावा, नाहीतर मॅच तरी सुरू व्हावी!

चपलांचा सपक्‌ सपक्‌ आवाज आला. पडद्याच्या फटीतून भाग्यश्रीने पाहिलं. धोतराचा सोगा हातात धरून अज्जा आत आले. टीव्हीसमोर उभे राहिले, आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग टीव्हीकडे बघितलं.

"पुन्हा मागं! काय कुचकं यंत्र दिलंय ह्या दुकानदारानं!" असं पुटपुटत त्यांनी रिमोट उचलला. एकेक बटण निरखत, मोजत, त्यांनी वेळ वीस मिनिटं पुढं ढकलली. चेहऱ्यावर काय समाधान! मग त्यांनी खोलीवर नजर फिरवली. "कोण न्हाय आणि टीव्ही चालू. बिल काय आकाशातनं भरतंय?" आणि हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

"अज्जा, थांबाऽऽ!" पडद्यासकट तिघे बाहेर कोसळले.

अज्जा दचकून सोफ्यावरच बसले. "आरं, जीव घेताय व्हय म्हाताऱ्याचा?"

"अज्जा, टीव्ही तुम्ही बंद पाडलाय! सोमवारपासून!"

"मी? मी तर रोज दुरुस्त करतोय त्याला! पट्टी निघाली त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. बघतो तर घड्याळ वीस मिनिटं मागं! नवा टीव्ही आणि मागं? अर्धा दिवस खटपट केली तवा ते बटण गावलं. तर हे रोज सकाळी पुन्हा बारा वाजवून बसतंय!"

आता सांगा, हसावं की रडावं? भाग्यश्रीला दोन्ही एकदमच आलं. तिने अज्जांच्या शेजारी बसून सगळं समजावलं. वेळ हाताने लावली की टीव्ही जगाला विचारायचं सोडतो. मग भिंतीवरचं बटण बंद केलं की त्याला तारीख-वेळ काहीच आठवत नाही. पुन्हा चालू झाला की तो सात वर्षं मागून सुरुवात करतो आणि अज्जा त्यात फक्त तास-मिनिटं लावतात.

"तारीख मी बघितलीच न्हाय की," अज्जा हळूच म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. "आणि एवढ्यापायी तू चार दिवस जेवंना झालीस व्हय? आई सांगत हुती."

"अक्काची मॅच आहे ना अज्जा! तुम्हाला दिसली नाही तर तुम्ही नाही म्हणणार!" तिच्या डोळ्यांतलं पाणी आता काही थांबलं नाही.

अज्जांनी रिमोट तिच्या हातात दिला. "लाव. आजच्या दिवस जगाची वेळ चालंल."

पाच वाजता मैदान दिसलं. हिरवंगार, मोठं, अज्जांच्या नव्या डोळ्यांत मावेल असं! अक्का गोलपोस्टसमोर हातमोजे आपटत उभी होती.

"ती आपली दीपा?" अज्जा पुढे सरकले. "एवढी उंच कधी झाली ही?"

पहिल्या अर्ध्यात समोरच्यांनी एक गोल मारला. भाग्यश्रीने नखं कुरतडून संपवली. दुसऱ्या अर्ध्यात अक्काने आडवी झेप घेऊन एक चेंडू बाहेर ढकलला, तेव्हा अज्जांच्या तोंडून "आय्योऽ" निघालं. आई दारात आली. "मामंजी, ताट वाढलंय."

"थांब जरा."

थोड्या वेळाने ती पुन्हा आली. "मामंजी, ऊन गेलं हो."

"आगं थांब की! कॉर्नर हाय!"

कॉर्नर म्हणजे काय, हे अज्जांना अर्ध्या तासापूर्वी पृथ्वीराजने शिकवलं होतं. त्याच कॉर्नरवर बरोबरी झाली आणि पृथ्वीराजने मारलेली शिट्टी रस्त्यापर्यंत गेली. मग पेनल्टी! आता कुणीच बसलेलं नव्हतं. अज्जासुद्धा उभे होते, सम्मेदच्या खांद्यावर हात रोवून. शेवटचा चेंडू. अक्काने गुडघे वाकवले. समोरची मुलगी धावली. चेंडू डावीकडे आणि अक्काही डावीकडे!

"अडवलाऽऽ!" सगळ्यांत मोठा आवाज अज्जांचा होता.

सगळे नाचत असताना आई मात्र खिडकीशी उभी होती. "मामंजी, दिवस मावळला. तुमचं जेवण राहिलं."

नाचणारे पाय जागीच थांबले. असं या घरात कधीच घडलं नव्हतं. अज्जांनी खिडकीतून बाहेर बघितलं, मग टीव्हीवर उड्या मारणाऱ्या नातीकडे.

"राहू दे," ते आईला म्हणाले. "एका दिवसानं काय मरत न्हाय मी. ह्या तिघांना मात्र उद्या पोटभर गोड करून घाल चंदना. घरात चोर बसलेला मला ठाऊक न्हवता, ह्यांनी पकडून दिला!"

तेवढ्यात आईचा फोन वाजला. अक्का धापा टाकत होती. "आई, अज्जांनी बघितली का?"

अज्जांनी फोन घेतला. "दीपा, त्या पुण्याच्या वसतिगृहात दिवस मावळायच्या आत जेवायला मिळतं का, ते इचारून घे. मिळत असंल तर जा."

पलीकडून किंकाळी आली. मग घाबरत घाबरत प्रश्न आला, "आणि संध्याकाळी मॅच असली तर, अज्जा?"

"मॅच असली तर उपास," अज्जा म्हणाले. "मी केलाय की आज!"