दाह नसलेली माणसं

रंजना इंगवले यांचं पत्र डॉ. वामन केळुसकरांना २०४१ साली आलं होतं. वहीच्या पानावर, निळ्या शाईत. त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही.

बाईंचे यजमान केळुसकरांनी शोधलेल्या पर्णशामक या गोळीच्या पहिल्या चाचणीत होते. आतड्याच्या दाहानं दहा वर्षं बेजार झालेला हा माणूस महिन्याभरात भाकरी खाऊ लागला होता. बाईंनी मात्र वेगळंच लिहिलं होतं. ‘आमची थोरली तापात गेली. त्या संध्याकाळी हे पोटभर जेवले आणि मॅच बघत बसले. पूर्वी असे नव्हते. गोळीमुळे असेल तर मी राहीन. माणूसच असा झाला असेल तर धाकट्याला घेऊन माहेरी जाईन. एक ओळ कळवा. दिवाळीपर्यंत वाट बघते, त्यानंतर खालच्या पत्त्यावर.’

सहा वर्षांनी, प्रयोगशाळेत, डॉ. नसीमा मुल्लानं केळुसकरांसमोर दोन आलेख ठेवले. ती त्यांचीच विद्यार्थिनी.

“हा साध्या माणसाचा, सर. लहान मूल रडतंय असा आवाज ऐकवला, की आतड्यात अगदी बारीक दाह उठतो. तिथली लांब चेता मेंदूला कळवते, मेंदूतल्या रक्षकपेशी जाग्या होतात. आपण म्हणतो, पोटात कालवलं.”

“आणि हा?”

“पर्णशामक घेणाऱ्याचा.”

ती सरळ रेघ होती.

“भांगेच्या पानातून आपण नशा वगळली आणि दाह थांबवणारं द्रव्य ठेवलं,” नसीमा म्हणाली. “पण आजाराचा दाह कुठला आणि दुसऱ्याच्या दुःखाचा कुठला, हे त्या द्रव्याला काय ठाऊक? ह्या लोकांना कळतं सगळं. लागत नाही काही.”

केळुसकर उठले, कपाटातली फाईल काढली आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते दोनदा वाचलं.

“सहा वर्षं हे तुमच्याकडे आहे?”

“मी भिडस्त माणूस. खात्री नव्हती. चुकीचं लिहिलं तर एखाद्याचा संसार... म्हणून राहिलं.”

“भिडस्त माणसाची झोप उडते अशा पत्रानं. तुमची उडाली?”

त्यांनी आठवून पाहिलं. “नाही.”

“तुमचंही पोट बिघडायचं ना? आता गोळी कुठली घेता?”

केळुसकरांनी खिशातली पर्णशामकाची डबी टेबलावर ठेवली.

“चाचणीच्या आधीपासून घेतोय,” ते म्हणाले. “लोकांना देण्याआधी स्वतः घ्यावी, एवढं तरी...”

“वा! म्हणजे एक सरळ रेघ माझ्यासमोरच बसलीय.”

त्यांनी गोळी बंद केली. तिसऱ्या आठवड्यात रक्त पडू लागलं, कळा परतल्या. आणि ते पत्रही. ‘वाट बघते’ हे दोन शब्द त्यांना जेवू देईनात. त्यांनी चाचणीची नोंदवही मागवली. इंगवल्यांच्या गोळ्या नियमित चालू होत्या. सोबत राहणारी व्यक्ती या रकान्यात ‘पत्नी’ खोडून ‘कोणी नाही’ लिहिलेलं होतं.

“यजमानांना तरी कळवू या,” ते नसीमाला म्हणाले.

“मी कळवलं. फोनवर सगळं समजावून सांगितलं. ‘बरं झालं सांगितलंत,’ म्हणाले. मग पुढच्या महिन्याच्या गोळ्या कधी येतील, ते विचारलं.”

“मग आता बाईंना सांगून काय मिळणार? उगाच जिवाला लागेल त्यांच्या.”

“लागेलच. त्या कुठे गोळी घेतात?”

केळुसकरांनी चार पानं माफी लिहिली आणि फाडली. नंतर दाहाची सगळी प्रक्रिया सविस्तर लिहिली, तीही फाडली. बाईंनी एकच ओळ मागितली होती. ‘गोळीमुळेच झालं, तुमचे यजमान तसे नव्हते.’ खाली सही केली, पाकिटावर बाईंच्या माहेरचा पत्ता घातला.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.

“तातडीचं आहे का, आजोबा?”

“होतं,” केळुसकर म्हणाले.

बाईंनी साधा शिक्का मारला आणि पाकीट पोत्यात टाकलं.