बिरूची साखळी

“बिरू, अजून दुखतंय का रे?”

एवढाच प्रश्न. चढावर एकटीनं उभं राहून मोठ्यानं विचारायचा!

“भुताला भीत न्हाय म्हणतीस ना? मग इचार की तुझ्या भावाला,” मैत्रीण अंजलीनं उत्कर्षाला डिवचलं. “लोक म्हणत्यात, तितं अजून त्याचा ट्रॅक्टर वाजतो.”

झालं. लागली पैज.

तुम्ही हसाल, पण हे घडलंय. शेळगावच्या कालव्याजवळच्या चढावर, यंदाच्या मे महिन्यात, दिवेलागणीला.

बिरदेव म्हणजे बिरू, उत्कर्षाचा धाकटा भाऊ. त्याला थॅलेसेमिया होता. अंगात रक्तच टिकायचं नाही, म्हणून सारखं बारामतीला नेऊन रक्त चढवायचं. सहा वर्षांचं पोर, पण सुई बघून कधी रडलं नाही.

सुई जवळ आली की तो ट्रॅक्टर सुरू करायचा. तोंडानं!

“टर्रर्र... सरका, लोड गाडी हाय!”

घरासमोरच्या याच चढावर उसाचे ट्रॅक्टर अडकायचे. मग मागचा ड्रायव्हर आपली ट्रॉली सोडून नुसता ट्रॅक्टर पुढं आणायचा, साखळी लावायचा आणि दोघं मिळून चढ काढायचे. ओळख असो नसो. बिरूनं हे ओट्यावर बसून रोज पाहिलेलं. वॉर्डात शेजारचं पोर रडायला लागलं, की हा आपल्या सदऱ्याचं टोक त्याच्या सदऱ्याला गाठ मारून बांधायचा.

“साखळी लावली. तू नुसतं स्टेअरिंग धर. मी वढतो.”

ते पोर खरंच गप्प व्हायचं.

दिवाळीनंतर बिरू गेला. त्याचा सदरा आईनं अजून धुतलेला नाही.

आणि आता तोच आजार धाकट्या बहिणीला, चार वर्षांच्या रेश्माला. डॉक्टर म्हणाले, थोरल्या बहिणीचा बोन मॅरो जुळला तर ही बरी होऊ शकते. पण आई हटून बसली. “एक गेला, एक आजारी. माझ्या धडधाकट लेकीला सुई लावू देणार न्हाय.”

 आणि शाळेत भाषणं ठोकणारी उत्कर्षा स्वतःही सुईला जाम घाबरायची.

तर त्या संध्याकाळी मैत्रिणी कालव्याच्या पुलावर थांबल्या. ती एकटी चढावर गेली.

“बिरू... अजून दुखतंय का रे?”

वारा पडला...

रातकिडे गप्प झाले...

आणि खालून आवाज आला. लोड ट्रॅक्टरचा. दमलेला, अडखळणारा.

टर्र... टर्र...

कारखाना बंद होऊन दोन महिने झालेले. रस्त्यावर उसाचं कांडकं नव्हतं. मग हा ट्रॅक्टर कुठला?

आवाज तिच्याजवळ आला. शेजारून पुढं गेला.

दिसलं काहीच नाही...

फक्त तिच्या ओढणीला हिसका बसला. पुढून. घराच्या दिशेनं.

ती किंचाळली नाही. ओढणी ओढत होती, ती मागोमाग चालत होती. रडत.

पुलावरच्या अंजलीला काही म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. ती आजही शपथ घेऊन सांगते.

ओट्यावर रेश्मा बसली होती. हवेत स्टेअरिंग धरून.

“टर्रर्र...”

तिच्या फ्रॉकच्या टोकाला गाठ होती. उत्कर्षानं आपली ओढणी बघितली. तिलाही तशीच गाठ.

“कुणी बांधली गं?”

“दादानं. म्हणला, माझा ट्रॅक्टर बंद पडला. आता ताईला पुढं लाव.”

उत्कर्षा घराकडं वळली.

आत आई भाकरी थापत होती. तिचे वडील, आप्पा, जेवायला बसले होते. उत्कर्षा दारात उभी राहिली. ओढणीची गाठ मुठीत घट्ट. ती तिनं अजून सोडलेली नाही. सोडायची भीती वाटते.

बाहेर रेश्मा अजून टर्रर्र करत होती.

पण आवाज... दोघांचा येत होता.

आईच्या हातातली भाकरी थांबली.

“आई, आप्पा,” उत्कर्षा म्हणाली, “उद्या रेश्मासंगं बारामतीला मी पण येणार. माझं रक्त तपासू द्या. सुईची भीती वाटती, लई वाटती. पण आता पुढं मी लागणार हाय.”