खळीच्या सुताची बोट

हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत बोट आली, त्या दिवशी लोकांना आठवडाभर पुरेल एवढं हसू मिळालं. चौदा फुटांची, सागवानी फळ्यांची, मागे जुनं पेट्रोल इंजिन. रामटेककडच्या एका बंद पडलेल्या बोटिंग क्लबातून आणलेली. समोरचे रुपरावकाका फाटकाशी येऊन म्हणाले, "पंकज, नागपुरात समुद्र कधी येऊन राहिला गा?"

"पुढच्या मंगळवारी," मी म्हटलं. "आधी टोकन घ्या लागते, काका."

मी धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. आकड्याबाहेरचं काही मला पटत नाही. बोटीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, तरी घेतली, ती बाबांसाठी.

बाबा म्हणजे बाबनराव, मूळचे उमरेडचे विणकर. चार वर्षांपूर्वी आई गेली, रुख्माबाई. त्याच महिन्यात हातमाग भंगारात गेला आणि बाबांचं बोलणं हो-नाहीवर आलं. पुढे तेही आटलं. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या. भाजी निवडणं झालं, कुंड्या झाल्या, देवळाची समिती झाली. मला माझा बाप परत हवा होता, बाकी काही नको होतं.

बोट अंगणात उलटी टाकून मी फळ्यांच्या फटींतलं जुनं डांबर खरवडत बसायचो. तिसऱ्या दिवशी बाबा बाहेर आले, एका फटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथं सूत होतं."

माझी बायको प्रणाली चहा घेऊन येत होती, ती जागच्या जागी थांबली.

लाकडी बोटीच्या फटी खरंच सुताने बुजवतात. पिळलेलं सूत ठोकून बसवायचं, वरून लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरायची, मग रंग. त्या दिवसापासून अंगणात सणच सुरू झाला. बाबा सूत पिळून फटींत बसवायचे, मी इंजिन उघडून त्याचे नट हरवायचो, प्रणाली रंग लावताना मोठमोठ्याने गायची. रुपरावकाका समुद्राची चौकशी करायला रोज नेमके चहाच्या वेळेला उगवायचे.

रंग वाळल्यावर मला कळलं की बाबांनी सगळं सूत आधी तांदळाच्या खळीत बुडवून वाळवलं होतं. मागावर चढवण्याआधी धाग्याला लावतात तसं.

"बाबा, खळ पाण्यात विरघळून जाईल!"

"सूत बिना खळीचं लावतेत काय गा?" ते संतापून म्हणाले. "कोन शिकवलं तुले?"

मी कपाळावर हात मारला. माझ्या हिशेबाने बोट अर्ध्या तासात भरणार होती. पण बाबा चार वर्षांत पहिल्यांदा रागावले होते, आणि ते काम उकरून काढायचा मला धीर झाला नाही.

एका रविवारी कन्हान नदीत, काठाजवळच, कंबरभर पाण्यात, लाइफ जॅकेट घालून आम्ही बोट उतरवली. मी घड्याळ आणि बादली घेऊन बसलो. अर्धा तास गेला, तास गेला. तळ ठणठणीत कोरडा. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि बाबा ओरडले, "पयव गा पंकज! पयव!" पाणी तोंडावर उडत होतं, बाबा टाळ्या पिटत होते. मी इतका हसलो की डोळे भरून आले.

बोट नदीवरच बांधून ठेवली होती. दुसऱ्या रविवारी ती काठावर घेतली, तेव्हा जागोजाग लांबी निघालेली दिसली. आतल्या सुतावर बारीक गाठी होत्या, दर चार बोटांच्या अंतरावर एक. बाबांनी सलग सूत वापरलं होतं. त्यात गाठ असण्याचं कारण नव्हतं. मी वाकून, मोबाइलच्या उजेडात पाहिलं. तुटलेला धागा विणकर सांधतात तशीच गाठ, फक्त उलट बाजूने वळलेली.

"तुयी आई डावखुरी होती," बाबा म्हणाले. खुशीत होते. "तिनंच सांधलं असन. तुटलेलं दिसलं का तिले बसवत नव्हतं."

पाण्याने लाकूड फुगतं, फटी मिटतात, म्हणून बोट भरत नाही, असं मी घरी प्रणालीला समजावलं. गाठींचं तिला सांगितलं नाही.

तिसऱ्या रविवारी गाठींमधलं सूत आकाशी होतं. आम्ही पांढरं भरलं होतं. बाबांचा रविवारचा सदरा तेवढा आकाशी.

घरी येऊन मी तो टेपने मोजला. मागची बाजू पुढच्यापेक्षा दीड इंच आखूड. कापल्याची खूण कुठेच नाही.

चौथ्या रविवारी जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण बाबा सकाळीच तयार होऊन बसले होते, आणि लग्नाआधी आईला बघायला गेले तेव्हा कसे चिखलात घसरले, ते प्रणालीला रंगवून सांगत होते. ही गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती. मी गाडीची किल्ली घेतली.

संध्याकाळी काठावर उतरताना मला तो दिसला. सदऱ्याच्या कडेतून निघालेला आकाशी धागा, बोटीच्या फटीत गेलेला. मी ओढला. तुटेना. मी चाकू काढला.

बाबांनी माझा हात धरला.

"राहू दे गा. तोडशीन तर मी पुन्हा चूप होईन."

मी चाकू मिटला.

परतताना गाडीच्या दारातून धागा बाहेर गेला होता. कामठी मागे पडली, मग शहर, मग हुडकेश्वर. जवळपास तीस किलोमीटर. मी आरशात पाहत होतो. सदरा तसूभरही आखूड झाला नाही.

प्रणालीने बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला होता. बाबा चवीने जेवत होते, भरभरून बोलत होते. धागा त्यांच्या पाटाखालून निघून उंबऱ्यावरून बाहेर गेला होता. ताठ.

तो दोनदा हलला.

बाबा दाराकडे बघून हसले.

"येतो ना वं, रुख्मा," ते म्हणाले. "जेवण तर होऊ दे."

त्यांच्या ताटात एकच घास उरला होता. मी उठलो आणि त्यांना आणखी एक पोळी वाढली.