चामडी टोपाखालचं डोकं

चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून इलारियो बसला होता. डोक्यावर लढाईचा कडक चामडी टोप, गालात चघळायची कोकाची पानं. बघणाऱ्याला वाटावं, पिऊन झोपलाय. गावची पोलीस सार्जंट तोमासा हिनं टोप उचलला. कवटी पार आत गेली होती.

"बासिलिओनंच मारला!" मागून गलका झाला.

काल चौकात वरच्या आळीची आणि खालच्या आळीची दरवर्षीची झुंज झाली. धरणीमातेला रक्त द्यायचं ते फक्त मुठीनं. त्यात मेला तर कुणी तक्रार करत नाही. पण काठी-धोंडा उचलला त्याला माफी नाही. खालच्या आळीचा बासिलिओ आता खांबाला बांधलेला, नाक फुटलेलं. वरच्या, म्हणजे इलारियोच्या आळीतल्यांच्या हातात दगड. सगळ्यात मोठा पेत्रोनाकडे, इलारियोच्या बायकोकडे.

"माझ्या भावानं, फेर्मिननं, झुंजीनंतर, दिवस मावळताना आळीचा क्रूस दोन्ही हातांनी डोक्यावर धरून चर्चात नेला," ती किंचाळली, "आणि ह्या कुत्र्यानं त्याच्याच मेव्हण्याला मारलं! बाजूला हो, बाई!"

"पहिला दगड मारील त्याला मी गोळी घालीन," तोमासा म्हणाली.

ती मुडद्याकडे वळली. टोपावर साधा ओरखडा नव्हता. डाव्या हाताचं हाड मात्र मनगट आणि कोपराच्या मधोमध काडीसारखं मोडलेलं.

तेवढ्यात हाडवैदाच्या अंगणातून बोंब आली. तोमासा धावली. फेर्मिन जमिनीवर उताणा. म्हातारा सातुर्नो त्याच्या काखेत टाच रोवून उजवा हात हळूहळू ओढत होता.

"ओरड, ओरड! पोर जन्माला येतंय जणू," म्हातारा म्हणाला. खटकन खांदा बसला. त्यानं हात छातीशी आवळून बांधला.

"कधी निखळला?" तोमासानं विचारलं.

"काल. चौकात. बासिलिओनं पिरगळला."

"दुपारच्या झुंजीत?"

"मग कधी? झुंज एकदाच होते, बाई."

"इथं आज का आलास?"

"पिऊन पडलो होतो."

तोमासानं त्याला डाव्या हाताला धरून चर्चमागच्या गर्दीत आणला.

"ऐका रे! निखळल्या खांद्यानं घास तोंडापर्यंत जात नाही. मग यानं मावळतीला क्रूस डोक्यावर कसा धरला? खांदा गेला तो त्यानंतर."

काही हातांतले दगड खाली आले.

"वैऱ्यासमोर टोप कोण काढतं? आपल्या माणसाबरोबर प्यायला बसला, तेव्हाच इलारियोनं काढला. यानं काठी घातली. इलारियोनं ती डाव्या हातावर झेलली, हाड मोडलं. दुसऱ्यांदा याचा हात वर जाताच इलारियोनं उजव्या हातानं तो पकडून मागं पिरगळला. खांदा निखळला. मग यानं डाव्या हातानं धोंडा उचलला. मेल्यावर टोप परत चढवला, झुंजीतला मुडदा दिसावा म्हणून. फुटल्या डोक्यावर धड टोप!"

"खोटं!" फेर्मिन ओरडला.

"मग सांग, झुंजीत तुझा हात पिरगळला कोणी?" खांबाला बांधलेला बासिलिओ रक्त थुंकून म्हणाला. "मी तर तुला हातही लावला नाही. माझा पहिला ठोसा बघूनच तू पळालास!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. फेर्मिनचा चेहरा काळा पडला.

"इलारियोपण असाच हसला! म्हणे, उद्या साऱ्या आळीला सांगतो, तुला बायकांचा घागरा नेसवतो. काय करायला हवं होतं मी?"

पेत्रोना भावासमोर आली. दगड अजून तिच्या हातात होता. तोमासानं पिस्तुलावर हात ठेवला.

पेत्रोना भावाकडे बघत राहिली. मग दगड टाकून खांबाकडे गेली, आणि गाठ हातानं सुटेना तेव्हा बासिलिओचा दोर दातांनी तोडायला लागली.