माबोनची भिंत

जागांच्या नावांवरून देव हुडकून काढण्यात एलुनेदचा हात धरणारं वेल्समध्ये कुणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सांगायची. माबोनची चढण, माबोनचा झरा, माबोनचं कुरण, अशी नावं नकाशावर जोडत ती या खोऱ्यात उतरली आणि कुरणालगतचं जुनं दगडी घरच विकत घेऊन बसली. लेक मेरेरिद बाळंतपणाला तिथेच आली.

मुलगा झाला त्याच दिवशी शेजारची नेस्ताआजी मनुकांचा पाव घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो बाई, पलंग भिंतीला? पहिल्या तीन रात्री खोलीच्या मधोमध घ्यायचा असतो!"

"का बरं?" एलुनेदने मुद्दाम विचारलं.

"का म्हणजे? माबोन तीन रात्रींचा होता. आई आणि भिंतीच्या मधून नेला त्याला."

"आणि मग शोधणाऱ्यांना तुरुंगाच्या भिंतीतून त्याचं रडणं ऐकू आलं. आजी, जन्मभर हेच शिकवलंय मी! माबोन या नावाचा अर्थ मुलगा, त्याच्या आईच्या मोद्रोन या नावाचा अर्थ आई. देव आहेत ते."

"शिकवा हो खुशाल. पण पलंग सरकवा."

आजीने उभं राहून पलंग सरकवून घेतला. ती गेल्यावर एलुनेदने तो परत भिंतीला टेकवला आणि नातवाला भिंतीच्या बाजूला निजवलं. "राहू दे ना मधेच," मेरेरिद म्हणाली. "माझी लेक ना तू? शोभतं का हे?" एलुनेद हसली. मेरेरिद थकली होती, तिने वाद घातला नाही.

तिन्ही रात्री छान गेल्या. पोरगं भुकेलं की टाहो फोडायचं, आणि तो कानावर पडायचा अवकाश, मेरेरिदला पान्हा फुटून सदरा ओला व्हायचा.

चौथ्या दिवशी ते रडलंच नाही. दूधही घेईना. डोळे उघडे ठेवून पडून राहिलं. अंघोळ घातली तरी अंगाचा ओल्या दगडासारखा वास जाईना.

"आई, मला भीती वाटतेय गं."

"काही मुलं असतात शांत. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

दुपारी आजी आली. तिने पलंग पाहिला. बाळाला हात लावला नाही.

"चढणीला माबोनचं नाव का पडलं, ठाऊक आहे?"

"तिथे त्याचं देऊळ असणार."

"तिथे रडणं ऐकू यायचं. मग झऱ्यापाशी. मग कुरणात." एवढं बोलून आजी निघून गेली.

एलुनेदला आपला नकाशा आठवला. चढण, झरा, कुरण. आणि कुरणानंतर हे घर. तिने नातवाला मांडीवर घेतलं.

तेवढ्यात रडणं ऐकू आलं. बारीक, भुकेलं.

तिने खाली पाहिलं. मांडीवरच्या पोराचं तोंड मिटलेलं होतं. ते तिच्याकडे बघत होतं.

रडणं भिंतीतून येत होतं.

"आई," मेरेरिद म्हणाली. तिने दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते, आणि बोटांमधून दूध ठिबकत होतं.