पडद्यावर न आलेली ओळ

त्या ईस्टरला सिग्वेच्या पदरात पडण्यासारखं होतं ते एवढंच: मोडक्या हॉकी-काठ्या जोडून केलेली एक ढाल, हॉलच्या भिंतीवर कायमचं लागणारं नाव, आणि ज्यांच्याशी तो वर्षभर संगणकावरून नुसतं लिहून लिहून भांडत आला होता अशा हजारो माणसांच्या टाळ्या. बाहेर या तिन्हींना कुत्रंही विचारणार नाही. पण म्योसा तळ्याकाठच्या त्या हॉलमध्ये, जिथे हिवाळाभर बर्फावरचे खेळ चालतात आणि ईस्टरला निम्मा देश आपापले संगणक गादी-उशीसकट घेऊन मुक्कामाला येतो, तिथे याहून मोठी कमाई नाही. बाकीचे लोक ईस्टरला डोंगरातल्या लाकडी घरात जाऊन उन्हात संत्री सोलतात. आमच्यातले लोक तीच संत्री या अंधाऱ्या हॉलमध्ये सोलतात.

सिग्वे आणि त्याचा मित्र इंग्वार यांनी सबंध हिवाळा एका डेमोवर घातला होता. डेमो म्हणजे खेळ नव्हे, सिनेमाही नव्हे. बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर संगणकाने त्या क्षणी रंगवलेली चित्रं, आणि साथीला संगीत. चित्रं सिग्वेची, संगीत इंग्वारचं. यंदा त्यांनी समुद्र केला होता, आणि यंदा हेच जिंकणार असं त्यांचे वैरीसुद्धा कुरकुरत कबूल करत होते.

सुनिवाला मात्र त्या ईस्टरला मिळण्यासारखं काहीच नव्हतं. ती स्वयंसेवक. नारिंगी बंडी, फुकट कॉफी आणि दुखणारे पाय.

दोघांची गाठ पडली ती इंग्वारच्या पोटामुळे. रांगेतल्या विजेवर संगणक चालवावेत, स्वयंपाक करू नये, हे दारावरच लिहिलेलं असतं. इंग्वारने ते वाचलं आणि वॅफल भाजायचं यंत्र लावलं. खट्... आणि सबंध रांग काळी. पंख्यांची घरघर थांबली की त्या हॉलमध्ये जी शांतता पसरते ना, ती स्मशानातली बरी. मग लांबून एक विजेरी झुलत झुलत आली. विजेरीमागे नारिंगी बंडी. बंडीत सुनिवा.

"यंत्र कोणाचं?"

"माझं," सिग्वे म्हणाला.

विजेरीचा झोत त्याच्या तोंडावरून सावकाश शेजारी सरकला आणि तिथेच थांबला. "मग पीठ याच्या दाढीला कसं?"

इंग्वारने दाढी पुसली. सिग्वे म्हणाला, "त्याला दाढीतून खायची सवय आहे."

"तुझं काही गेलं का रे? जतन केलं होतंस?"

"सकाळपासूनचं सगळं गेलं."

"आणि तरी याला पाठीशी घालतोयस?"

"काय करू? संगीत त्याचं आहे. मारून टाकला तर वाजवायचं कोणी?"

हसू दाबताना तिचं नाक किंचित मुरडलं. हे सिग्वेने पाहिलं, विजेरीच्या उसन्या उजेडात पाहिलं... आणि सकाळपासूनचं काय काय गेलं होतं ते त्याला आठवेना.

यंत्र जप्त झालं. दुसऱ्या दिवशी सिग्वे ते मागायला गेला.

"रविवारी मिळेल," सुनिवा म्हणाली. ती स्पर्धेच्या टेबलावर बसली होती. लोकांचे डेमो, म्हणजे स्पर्धेतल्या कृती, जमा करून घ्यायच्या, पडद्यामागच्या खोलीत त्या नीट चालतात का बघायचं, आणि शनिवारी संध्याकाळी मोठ्या पडद्यावर एकेक लावायची, हे तिचं काम.

"रविवारी तर आम्ही घरी निघणार."

"म्हणूनच."

"निदान त्याची तब्येत तरी बघू दे. एकटं आहे बिचारं."

"एकटं कुठे? स्वयंसेवकांच्या स्वयंपाकघरात आहे, सकाळपासून राबतंय." तिने कागदात गुंडाळलेलं एक वॅफल पुढे केलं, वर तपकिरी चीजचा काप. "घे. तुझ्या मित्राला देऊ नकोस."

"चोरीच्या मालात मला वाटा?"

"तोंड बंद ठेवायची लाच म्हण."

तोंड काही बंद राहिलं नाही. तो दुपारी पुन्हा आला, संध्याकाळी पुन्हा आला. कधी यंत्राची चौकशी, कधी कृती जमा करायच्या वेळेची — जी भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेली होती. सुनिवा त्याला दर वेळी ती वाचून दाखवी. एकदा तिच्या कपाला त्याचा हात लागला, कॉफी सांडली, आणि दोघं एकाच फडक्याने टेबल पुसत बसले... जरुरीपेक्षा बराच वेळ. टेबल आधी इतकं स्वच्छ कधीच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मुदत संपायची होती. डेमोच्या शेवटी मित्रांना, इतर मंडळांना राम राम लिहायची आमच्यात रीत आहे. काळ्या पडद्यावर नावं येतात, जातात. मुदतीच्या जरा आधी, इंग्वार झोपलेला असताना, सिग्वेने त्या नावांच्या शेवटी एक ओळ घातली:

सुनिवा, या सगळ्या हॉलच्या साक्षीने विचारतो — माझी होशील का?

कृती तपासणारे सुरुवात तेवढी बघतात, शेवटपर्यंत कोणी बसत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक. तेव्हा ओळ थेट शनिवारीच फुटणार होती. इथे सिग्वेचा हिशेब चुकला असं मी म्हणणार नाही. त्याने हिशेब केलाच नव्हता.

शनिवारी सकाळी तो सॉसेजच्या गाडीपाशी उभा होता. पाणी आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी वरून पडत होतं, आणि तळ्यावरचा बर्फ आतल्या आत कण्हत होता. सुनिवा येऊन त्याच छपराखाली उभी राहिली. डोळे सुजलेले.

"झोप नाही?" त्याने विचारलं.

"नाही." तिने सॉसेजवर मोहरी ओतली, ओततच राहिली. "तू दोन वर्षांपूर्वी आला होतास का रे इथे?"

"नाही. परीक्षा होती. इंग्वार आला होता."

"मग तुला माहीत नसेल. त्या वर्षी एकाने मला मोठ्या पडद्यावर मागणी घातली. इथेच. त्याच्या डेमोच्या शेवटी."

सिग्वेने हातातलं सॉसेज परत कागदात गुंडाळलं.

"छान मुलगा होता, वाईट नव्हता," ती म्हणाली. "चार महिन्यांची ओळख. माझं नाव एवढं मोठं... मग दिव्याचा झोत माझ्यावर. सगळा हॉल उभा. पाय आपटतायत, शिट्ट्या मारतायत. मी हो म्हणाले."

"तुला... हो म्हणायचं होतं?"

"मला जरा विचार करू दे, असं म्हणायचं होतं. पण एवढ्या लोकांसमोर कोणाला विचार करता येतो? पुढे पत्रिका छापायची वेळ आली तेव्हा कुठे तोंडातून नाही निघालं. त्याच्या आईने सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. तो परत या हॉलमध्ये आला नाही. मीही येणार नव्हते." तिने हातातल्या सॉसेजकडे पाहिलं, जणू ते कोणी भलत्यानेच दिलं होतं. "मोहरी जास्त झाली. खाशील?"

त्याने ते घेतलं आणि खाल्लं. त्यात मोहरी होती की चुना, त्याला कळलं नाही.

इंग्वार गादीवर पालथा पडला होता. सिग्वेने त्याला हलवून उठवलं आणि सगळं सांगून टाकलं. आधी ओळ, मग छपराखालची गोष्ट.

"एक मिनिट," इंग्वार उठून बसला. "माझ्या संगीतावर तू पोरगी मागितलीस? मला न विचारता?"

"हो."

"कुठे? व्हायोलिन येतं तिथे?"

"तिथेच."

"नालायका, तिथे माणसांनी रडावं म्हणून मी तीन आठवडे घालवले."

"मी रडतोच आहे. ओळ काढायला हवी, इंग्वार."

"आता मुदतीनंतर? स्पर्धेच्या टेबलावरची तोरुन तुला कच्चा खाईल. तिचं ठरलेलं आहे. कृती ठेवायची तर सगळी, काढायची तर सगळी. मधलं काही नाही." तो बोलता बोलता थांबला. मित्राच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. "अरे... तू सगळीच काढायला निघालायस."

"तू नको म्हणालास तर नाही काढणार. निम्मी तुझी आहे."

इंग्वारने दाढी खाजवली. शेजारची पोरं संगणकावर एकमेकांना गोळ्या घालत होती, हसत होती.

"त्या वर्षी मी खुर्चीवर उभा राहून शिट्टी मारली होती," तो शेवटी म्हणाला. "पार बाहेरपर्यंत गेली असेल. आम्हाला वाटलं, काय मजा... तिच्या तोंडाकडे कोणी बघितलंच नाही बघ." मग त्याने पांघरूण डोक्यावर ओढलं. आतून आवाज आला, "जा, काढ. आणि मला जिंकणाऱ्याचं नाव सांगू नकोस. फिनलंडवाले असणार. ते हसतसुद्धा नाहीत."

तोरुन ही स्पर्धेची मुख्य. इतकी वर्षं ती हे काम करत आली होती की तिच्यासमोर मोठमोठे बाप्ये रडून परत गेले होते. "मागे घ्यायची?" तिने चष्म्यावरून पाहिलं. "यंदाची? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आत्ताच आलंय."

"कारण?"

"कारण सांगायलाच हवं का?"

"नको." तिने त्याला निरखलं. "सगळ्या कृती झाल्या की स्पर्धेबाहेर म्हणून दाखवता येईल. मतं नाहीत, ढाल नाही, भिंतीवर नाव नाही. पण स्पर्धेबाहेरच्या गोष्टीला मुदतही नाही. काय बदलायचं ते बदलून आण."

त्याने ओळ पुसली. पण संगीत त्या जागेवर तसंच चालू राहणार होतं, आणि ते कापायचं तर इंग्वारला पुन्हा उठवावं लागलं असतं. तेवढी छाती त्याच्यात उरली नव्हती. तिथे त्याने नुसता काळा पडदा ठेवला.

संध्याकाळी स्पर्धा झाली. फिनलंडवाल्यांनी बर्फाचा किल्ला दाखवला, लोकांनी बाकं बडवली. सगळं आटोपल्यावर तोरुनने ध्वनिक्षेपकावर सांगितलं, "आता एक कृती स्पर्धेबाहेर." आणि समुद्र आला. लाटा पार शेवटच्या रांगेपर्यंत चढल्या. शेवटी नावं आली, गेली. मग काळोख... आणि त्या काळोखात एकटं व्हायोलिन. सिग्वे श्वास धरून बसला. काहीच आलं नाही. कोणाचंच नाव आलं नाही, कोणावरच झोत पडला नाही. त्याला वाटलं, आयुष्यात आपण इतकं सुंदर काहीच न होणं कधी पाहिलं नाही.

शेजारचा एक दाढीवाला हळूच म्हणाला, "शेवटी पडदा रिकामा ठेवलाय बघ. काय धाडस आहे." इंग्वारने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प बसला.

टाळ्या चालू असतानाच सिग्वे मागच्या दाराने बाहेर पडला. पाऊस थांबला होता. तळ्यावर अजून उजेड होता, फिकट, संत्र्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा. सुनिवा आधीच तिथे उभी होती. बंडी काढून काखेत घेतलेली.

"बरी झाली का कृती?" त्याने विचारलं.

"काल होती त्यापेक्षा बरी."

त्याला समजायला क्षणभर लागलं. "काल?"

"काल दुपारी तपासली मी."

"पण तपासणारे तर शेवटपर्यंत..."

"मी बघते. लोक शेवटी नावं लिहितात रे. कोणीतरी वाचायला नको का?"

सिग्वेने दाराच्या चौकटीला हात टेकला. "म्हणजे सकाळी... सॉसेज खाताना... तुला सगळं माहीत होतं?"

"तपासणाऱ्याने बघितलेलं बोलायचं नाही, असा नियम आहे. ज्याची कृती त्याच्याशीसुद्धा नाही. पण दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला काही बंदी नाही." ती हसली. "रात्रभर जागी होते. संध्याकाळी ती कृती मलाच लावायची होती, सिग्वे. बटण मीच दाबणार, आणि उजेडात पुन्हा मीच. बंडी तोरुनच्या टेबलावर ठेवून पहिली बस पकडायचा विचार होता. मग तू तिच्या खोलीत शिरताना दिसलास... आणि मी तिथेच केबलींवर बसले."

"आणि नसतो शिरलो तर?"

"तर तू आत्ता तळ्याशी बोलत असतास."

आत कोणीतरी नावं पुकारत होतं. पाणी छपरावरून ठिबकत होतं, सावकाश, काही घाई नसल्यासारखं.

"सुनिवा... इथे कोणी नाहीये," तो म्हणाला.

"दिसतंय."

"नाही म्हणता येतं. विचार करून सांगते, असंही म्हणता येतं. मी उभा आहे."

"आणि थंडी वाजली तर?"

"तर आत जाऊन उभा राहीन."

तिने काखेतली बंडी झटकली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. "मोठा प्रश्न नको हं. तो तू चुकीच्या ठिकाणी लिहिला होतास. छोटा विचार."

त्याला छोटा प्रश्न सुचेना. हजारो माणसांसाठी ओळ लिहिताना त्याला क्षणभरही अडलं नव्हतं. "उद्या... माझ्याबरोबर जेवशील?" तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि तो दचकला, कारण तिने विचार करायला मुळीच वेळ घेतला नव्हता. मग तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं, त्या नारिंगी बंडीवर, आणि सकाळपासून अडकून राहिलेले दोन श्वास एकदमच सुटले.

आता हिशेब. ढाल आणि भिंतीवरचं नाव फिनलंडवाल्यांना गेलं; ते खरंच हसले नाहीत. सुनिवाला विचार करायची मुभा मिळाली आणि ती तिने वापरलीही नाही. सिग्वेची ढाल बुडाली, पण त्याच्या तोंडाकडे बघून ते कोणाला पटलं नसतं. हिवाळाभराचं संगीत मात्र एकाही मताशिवाय वाजून गेलं. रविवारी सकाळी ही दोघं तळ्याकाठी कुठेतरी जेवायला गेलेली असताना दोन्ही संगणक, दोन्ही गाद्या आणि सगळ्या केबली एकट्याने गाडीत भरल्या त्या इंग्वारने. म्हणजे सगळ्यांचं भरलं त्यानेच. आणि या सबंध गोष्टीत प्रेमात न पडलेला माणूस काय तो तेवढाच होता.